सकारात्मक वार्धक्य (ग्वाल्हेर)

सकारात्मक वार्धक्य म्हणजे म्हातारपणाला नुसती घसरण न मानता, बदलत्या शरीराशी जुळवून घेत आपली कामे, माणसे आणि आवडी राखून जगणे. दुखणी लपवणे किंवा सदा हसतमुख राहणे असा त्याचा अर्थ नाही. एकसष्टीच्या भाषणांत मात्र तो बहुधा तसाच सांगितला जातो.

जॉन रो व रॉबर्ट कान या अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ मध्ये ‘सर्वसाधारण’ आणि ‘यशस्वी’ वार्धक्य असा भेद केला. त्यावर पुढे रास्त आक्षेप आला की, मधुमेह किंवा संधिवात असलेला माणूस मग नापासच ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालाने आजार नसण्यापेक्षा, ज्याला मोल वाटते ते माणसाला करता येण्यावर भर दिला. २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचे निरोगी वार्धक्याचे दशक आहे.

दृष्टिकोनाचा आयुष्याशी संबंध सांगताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांच्या २००२ च्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान गावातील, पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांची स्वतःच्या म्हातारपणाविषयीची मते त्यात तपासली होती. चांगले मत असलेले लोक सरासरी ७.५ वर्षे अधिक जगले. वय, प्रकृती आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही फरक उरला. विचार बदलला की आयुष्य वाढते, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. मत आणि आयुष्य यांना जोडणारी एक वाट सहज समजण्यासारखी आहे. ‘आता वय झालं, दुखायचंच’ म्हणणारा गुडघा दाखवायला जात नाही, मग चालणे सोडतो, मग माणसांत जाणे सोडतो, आणि आपलेच भाकीत खरे करून दाखवतो.

पाउल आणि मार्गरेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने जुळवून घेण्याच्या तीन रीती सांगितल्या: निवड, सराव आणि भरपाई. त्यांचे आवडते उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे. उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचाच अधिक रियाज करत आणि द्रुत भागाआधीची लय मुद्दाम संथ ठेवत, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त वाटे.

ख्यालगायकीच्या गावाला, म्हणजे ग्वाल्हेरला, हे परके वाटू नये. दम कमी झाला की गवई तारसप्तकातला मुक्काम आवरता घेतो, ठरावीक बंदिशींवर अधिक मेहनत करतो. तानेचा पल्ला घटला तरी बोलांच्या फेकीत आणि लयीच्या खेळात रंग भरता येतो. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) ९६ वर्षे जगले. त्यांनी १९१४ मध्ये ग्वाल्हेरात शंकर गांधर्व महाविद्यालय काढले, आणि पद्मभूषण मिळाले तेव्हा (१९७३) ते ऐंशीच्या घरात होते. नात मीता पंडित यांना लहानपणी त्यांचा सहवास आणि तालीम मिळाली. ज्येष्ठांचा दिवस कशाने भरायचा, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मिळणे कठीण: आपल्याला येते ते कोणाला तरी शिकवणे, मग ते गाणे असो की पुरणपोळी.

ग्वाल्हेरच्या लश्कर या भागातील मराठी घरांत हा प्रश्न आता अधिक टोचतो. शिंद्यांच्या पदरी आलेल्या सरदार-कारकुनांची वंशजमंडळी जुन्या वाड्यांत आणि गोठींत (मोहल्ल्यांत) राहिली. पुढची पिढी नोकरीसाठी पुणे, बंगळूर, दिल्लीकडे गेली. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना मनाच्या उभारीइतकीच अंधाऱ्या जिन्यात दिव्याची, न्हाणीघरात धरायला दांडीची आणि मोतीबिंदूच्या वेळेवर शस्त्रक्रियेची गरज असते. दृष्टिकोनाच्या चर्चेत या गोष्टी क्षुल्लक मानल्या जातात, हे चुकीचे आहे. एकदा पडून खुबा मोडला की बरीचशी सकारात्मकता अंथरुणाला खिळते. हवामानही विचारात घ्यावे लागते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पौषात दाट धुके उतरते, त्यामुळे ‘पहाटे फिरायला जा’ हा सल्ला इथे बाराही महिने लागू नाही. थंडीत ऊन वर आल्यावर फूलबागेकडे आणि जेठ-वैशाखात घरातल्या घरात, अशी विभागणी बरी.

माणसांत राहण्याच्या वाटा परंपरेनेही ठेवल्या आहेत. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाची, म्हणजे संगीत महोत्सवाची, सुरुवात ढोलीबुवा मठाच्या हरिकथेने होते. घरोघरी सहस्रचंद्रदर्शन होते; हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षे १० महिने लागतात, म्हणून ते एक्याऐंशीच्या सुमारास येते. या दिवशी उत्सवमूर्तीला खुर्चीत बसवून नुसते ओवाळण्यापेक्षा चार गोष्टी सांगायला लावल्या तर समारंभ अधिक कामाचा होतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. ज्याला औषधासाठी मुलाकडे हात पसरावा लागतो, त्याला आशावाद शिकवणे अन्यायाचे आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषण आणि कल्याणाचा २००७ चा कायदा साठ वर्षांवरील व्यक्तीला, स्वतःचे भागत नसल्यास, अपत्यांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क देतो. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, आणि दाद न्यायालयाऐवजी अधिकरणाकडे मागायची असते.