२४पी डिजिटल चित्रणाचे संकलन

२४पी डिजिटल चित्रणाचे संकलन : चित्रपटाप्रमाणे सेकंदाला २४ अखंड फ्रेम टिपणाऱ्या कॅमकॉर्डरच्या फुटेजमधून त्या मूळ फ्रेम वेगळ्या काढणे आणि त्याच गतीच्या टाइमलाइनवर काटछाट करणे. ‘वेगळ्या काढणे’ हा यातला कळीचा भाग आहे, कारण टेपवर त्या फ्रेम जशाच्या तशा नसतात. पॅनासोनिकच्या एजी-डीव्हीएक्स१०० (२००२) या कॅमेऱ्याने मिनी-डीव्ही टेपवर २४पी आणले. पुढे कॅननचा एक्सएल२ (२००४) आणि एचडीव्हीवर (त्याच टेपवर एचडी चित्र टिपणारी पद्धत) चालणारा एचव्ही२० (२००७) आले. या कॅमेऱ्यांच्या अमेरिकी आवृत्त्यांत २४पी म्हणजे प्रत्यक्षात २३.९७६, टेप मात्र एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या नियमानुसार सेकंदाला २९.९७ फ्रेम, म्हणजे ५९.९४ फील्ड (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम), या गतीनेच चालते.

पुलडाउन : ४ फ्रेम ५ फ्रेमच्या जागेत बसवण्याच्या या युक्तीचे दोन प्रकार आहेत. साध्या २४पीमध्ये अ, ब, क, ड या फ्रेम अनुक्रमे २, ३, २, ३ फील्ड व्यापतात. टेपवर अअ, बब, बक, कड, डड असा क्रम उतरतो. तिसरी आणि चौथी फ्रेम मिश्र झाल्यामुळे ‘क’ कुठेच अख्खी उरत नाही. दोन वेगवेगळ्या फ्रेममधले एकेक फील्ड उचलून ती जुळवावी लागते आणि फाइल डीव्हीमध्येच ठेवायची तर पुन्हा कॉम्प्रेसही करावी लागते. २४पीए किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ प्रकारात २, ३, ३, २ अशी वाटणी असते : अअ, बब, बक, कक, डड. इथे फक्त तिसरी फ्रेम मिश्र आहे. ती फेकून दिली की उरलेल्या ४ फ्रेम चित्राला हात न लावता जशाच्या तशा मिळतात. संकलन २४वर करायचे असेल तर शूटिंगच्या वेळी २४पीए निवडावे. थेट २९.९७च्या टाइमलाइनवर काम करून टीव्हीवर दाखवायचे असेल तर साधे २४पी बरे, कारण २४पीए तसेच चालवले की हालचाल अडखळते.

ओळख : हातात आलेली क्लिप कोणत्या प्रकारची आहे हे मेनूतल्या नोंदीवरून ठरवू नये, डोळ्यांनी पाहावे. फिरता पंखा किंवा रस्त्यावरून जाणारे वाहन असलेला तुकडा घेऊन एकेक फ्रेम पुढे सरकावी. मिश्र फ्रेममध्ये हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. दर ५ फ्रेममध्ये २ दातेरी असल्या तर साधे २४पी, १ असली तर २४पीए आणि सगळ्याच असल्या तर नेहमीचे इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणी टिपणारे, चित्रण. स्थिर शॉटवर ही परीक्षा चालत नाही. सोनीच्या एनटीएससी एफएक्स१मधला ‘सिनेफ्रेम २४’ नावाने फसवतो : ते खरे २४पी नाही, त्यातली हालचाल असमान असते आणि कोणत्याही पुलडाउन काढण्याने ती नीट होत नाही.

कॅप्चर : २४पीए टेपसाठी फायनल कट प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत (७पर्यंत) फायरवायर केबलवरून घेतानाच ॲडव्हान्स्ड पुलडाउन काढण्याचा पर्याय होता; वेगास आणि प्रीमियर प्रो १.५ यांनाही हा प्रकार कळत असे. तासाभराच्या डीव्ही टेपला सुमारे १३ जीबी लागतात, पुलडाउन काढल्यावर ते साडेदहाच्या आसपास येतात. टाइमकोड (टेपवरचा प्रत्येक फ्रेमचा क्रमांक) नॉन-ड्रॉप, म्हणजे आकडे न गाळणारा, ठेवावा. ड्रॉप-फ्रेममध्ये दर दहाव्या मिनिटाचा अपवाद वगळता प्रत्येक मिनिटाला २ आकडे गाळले जातात आणि ‘अ’ फ्रेम ० किंवा ५ने शेवट होणाऱ्या आकड्यांवरून सरकते. टेपवर मध्येच टाइमकोड तुटला असेल तर तिथे क्लिप वेगळी करावी.

एचव्ही२०चे काम अधिक किचकट. तो २४पी हे १०८०आय६०च्या (१०८० ओळी, सेकंदाला ६० फील्ड) प्रवाहात साध्या पुलडाउनने भरतो, पण कोणती फ्रेम कुठली याची खूण सोडत नाही. मग सॉफ्टवेअरला लय चित्रावरूनच शोधावी लागते. आफ्टर इफेक्ट्समध्ये पाच टप्पे, म्हणजे पाच फ्रेमची साखळी कुठून सुरू होते याचे पर्याय, सुचवलेले असतात. चुकीचा निवडला की दात राहतात आणि हालचाल उड्या मारते. एव्हीसिंथचे टीआयव्हीटीसी किंवा एफएफएमपेगचे फील्डमॅच आणि डेसिमेट हे फिल्टर विनामूल्य आहेत. एचडीव्हीमध्ये वरचे फील्ड आधी, डीव्हीमध्ये खालचे. हा क्रम उलटा सांगितला तर चित्र मागेपुढे थरथरते.

नवशिक्यांचे काम बिघडते ते बहुधा क्रमामुळे. आधी २९.९७वर कट मारायचे आणि शेवटी पुलडाउन काढायचे, असे करता येत नाही. प्रत्येक कट पाचाच्या साखळीत कुठेही पडतो, लय तिथे तुटते आणि पुढचा शॉट चुकीच्या जागेवरून मोजला जातो. आकार बदलणे, डिझॉल्व्ह, शीर्षके, रंगदुरुस्ती हे सगळे पुलडाउन काढल्यानंतरच. इंटरलेस्ड चित्राचा आकार बदलला की दोन फील्ड एकमेकांत मिसळतात आणि नंतर सुटत नाहीत. दात दिसले म्हणून ‘डीइंटरलेस’ फिल्टर लावणे हाही उपाय नाही. साध्या फिल्टरने उभा तपशील जातो आणि पाचवी, जादा फ्रेम तशीच राहते.

आवाजाला हात लावावा लागत नाही : २९.९७च्या ५ फ्रेम आणि २३.९७६च्या ४ फ्रेम नेमक्या सारख्याच वेळेच्या. मात्र सीक्वेन्स (संकलनाची टाइमलाइन) चुकून पूर्ण २४.००० ठेवला आणि क्लिपही तशीच वाचली गेली, तर ०.१ टक्का फरक पडतो. म्हणजे १० मिनिटांत ०.६ सेकंद, ओठ आणि शब्द यांची फारकत दिसायला पुरेसा.

भारतात पाल पद्धत असल्यामुळे इथल्या आवृत्त्यांत २५पी मिळते. त्यात पुलडाउन नसतो. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची असतात, म्हणून सीक्वेन्सची सेटिंग प्रोग्रेसिव्ह ठेवली की झाले. फिल्मसाठी २४वर न्यायचे तर १०० मिनिटांचे १०४ मिनिटे १० सेकंद होतात आणि आवाज सुमारे ०.७ अर्धस्वर खाली उतरतो. तो पिच बदलून वर आणावा लागतो. अमेरिकेहून आणलेला २४पी कॅमेरा इथे वापरताना चोकवाल्या ट्यूबलाइटखाली १/६० शटर टाळावे. त्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि चित्र लुकलुकते. १/५० उत्तम, १/४८वर दोष किंचितच दिसतो. संकलनात ही लुकलुक काढणे पुलडाउन काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

डीव्हीडीसाठी तयार फिल्म २३.९७६लाच एमपेग-२मध्ये एन्कोड करून पुलडाउनची खूण तेवढी लावावी. फील्ड पुन्हा वाटण्याचे काम प्लेअर स्वतः करतो आणि वाचलेले बिट चित्राच्या दर्जासाठी वापरता येतात.