बचत गट

एकाच गावातल्या किंवा वस्तीतल्या दहा ते वीस जणांनी, बहुधा बायकांनी, दरमहा ठरावीक पैसे जमवून त्यातूनच एकमेकींना कर्ज देण्यासाठी केलेला गट. भिशीशी त्याचे नाते जवळचे. पण भिशीचे पैसे दर खेपेला एकीच्या हातात जाऊन संपतात, गटाचे शिल्लक राहून वाढतात.

हिशेब साधा असतो. दहा जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले की सहा महिन्यांत सहा हजार होतात. त्यातले कोणाला किती द्यायचे ते बैठकीत ठरते आणि ठराव वहीत चढतो. व्याज पुष्कळ गटांत शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. आकडा चढा वाटतो खरा, पण ते व्याज गटातच राहते आणि त्यात कर्ज घेणारीचाही वाटा असतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाचही गोष्टी नियमित असाव्यात, याला ‘पंचसूत्री’ म्हणतात. सहाएक महिने ती पाळली की गटाला बँकेचे कर्ज विनातारण मिळू शकते. बँकेने पाहायची ती वहीच.

नाबार्डने (शेती व ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि 2011 पासून ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान करते.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडच्या बायका गटावर न थांबता स्वतःची बँक काढण्यापर्यंत गेल्या. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी केलेला परवान्याचा अर्ज रिझर्व्ह बँकेने आधी फेटाळला, कारण अनेक प्रवर्तक निरक्षर होत्या. बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावे, असे त्यांनी सुनावल्याचे सिन्हा सांगतात. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बचत गट म्हटले की प्रदर्शनातले पापड-लोणचे आठवते. गटातले कर्ज मात्र बियाणे, दवाखाना, शाळेचा खर्च, फार तर एखादी शेळी यांसाठीही उचलले जाते. त्याला ‘अनुत्पादक’ म्हणून नाक मुरडणे बरोबर नाही. ऐन पेरणीत सावकाराचे दार टळले, तर तीही कमाईच.

गावात ‘फायनान्सचा गट’ही असतो, तो वेगळा. तिथे पैसा कंपनीचा, हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा, आणि एकीचा थकला तर भार बाकीच्यांवर. या वसुलीच्या जाचावरून 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारला अध्यादेश काढावा लागला. 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्म कर्ज ठरते आणि कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.