सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का हवाच का?

‘ऑनलाइन काढलेला सातबारा बँकेत चालत नाही, तलाठ्याकडून सही-शिक्का मारून आणा.’ गावोगावी चालत आलेलं हे वाक्य. पीककर्जाच्या दिवसांत त्यापायी लोकांचे हेलपाटे आणि दोन-तीन दिवसांची मजुरी जाते.

गोंधळ कागदाच्या दोन जातींमुळे होतो. भूलेख संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी आहे, तो कायदेशीर कामाला चालत नाही, हे खरंच. पण ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा वेगळा, तो तलाठ्याच्या सही-शिक्क्याशिवायच चालतो. त्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. बँकेतल्या साहेबांना शंका आली तर तो क्रमांक महाभूमीवर टाकून त्यांनी स्वतःच खात्री करावी. रबरी शिक्क्याची अशी पडताळणी कधी होत होती? शाई पुसट झाली की सगळं ‘वाचता येईल तसं’!

ही सगळी यंत्रणा पुण्याच्या जमाबंदी आयुक्तालयाच्या देखरेखीखाली चालते. आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा) आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) यांचे उतारेही महाभूमीवरच मिळतात.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: पोर्टलवरूनच वारसाचं नाव लागतं. तसं नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण फेरफाराची नोंद तलाठीच घेतो, मंडळ अधिकारी ती मंजूर करतो, आणि मगच नाव सातबाऱ्यावर चढतं. तिथे मात्र चावडीची पायरी चुकत नाही.