आंतरराष्ट्रीय विपणनाचे पदवीशिक्षण (नागपूर)

एका देशात तयार झालेली वस्तू किंवा सेवा दुसऱ्या देशातील ग्राहकाची गरज, ऐपत, सवयी आणि तेथील कायदे ध्यानात घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचवण्याच्या शास्त्राला आंतरराष्ट्रीय विपणन म्हणतात. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांत हा विषय साधारणपणे शेवटच्या वर्षी, विपणनाची मूलतत्त्वे शिकून झाल्यावर येतो. निर्यात आणि आंतरराष्ट्रीय विपणन हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी पदवीच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक असते. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर या भागातील कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे जाणे सोपे झाले. परंतु प्रत कोणती आणि भाव किती हे तिकडचा खरेदीदार ठरवत असल्याने तो व्यवहार निर्यातीचा होता, विपणनाचा नव्हे. परक्या ग्राहकाचा अभ्यास करून आपला माल, त्याची किंमत, वेष्टन आणि वाटपाची साखळी आपण ठरवू लागलो, की विपणनाला सुरुवात होते.

विषयाची सैद्धांतिक बैठक मुख्यतः अमेरिकन आणि युरोपीय अभ्यासकांनी घातली. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली उत्पादन, किंमत, स्थान व प्रसिद्धी ही चौकट येथेही पायाभूत मानली जाते. जगभरच्या ग्राहकांच्या आवडी एकसारख्या होत चालल्या असून कंपन्यांनी सर्वत्र एकच प्रमाणित वस्तू विकावी, असे थिओडोर लेव्हिट यांनी १९८३ मध्ये प्रतिपादन केले. त्याउलट गीर्ट हॉफस्टेड यांचे १९८० मधील संशोधन राष्ट्रीय संस्कृतींमधील फरक टिकून असल्याचे दाखवते. या दोन टोकांमधला वाद, म्हणजे माल आहे तसाच न्यावा की स्थानिक आवडीप्रमाणे बदलावा हा प्रश्न, परीक्षेत हमखास विचारला जातो. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाशी संबंधित योहानसन आणि वाल्ने यांचे १९७७ चे प्रतिमान त्या मानाने उपेक्षित राहते. उद्योग आधी ओळखीच्या, भाषा आणि व्यवहाराच्या दृष्टीने जवळच्या देशांत उतरतो आणि अनुभव गाठीशी बांधत दूरच्या बाजारपेठांकडे सरकतो, असे ते सांगते. विदर्भातील निर्यातदाराची वाटचाल समजण्यासाठी त्याचा उपयोग अधिक होतो.

नागपुरात हे शिक्षण प्रामुख्याने राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मिळते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत सध्या नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे येतात. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांवर आधारलेली रचना लागू झाली, तर बीबीएसारखे अभ्यासक्रम त्याच वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आले. वर्गात ‘विपणन’ हा शब्द पुस्तकापुरता राहतो आणि विद्यार्थी व शिक्षक दोघेही ‘मार्केटिंग’च म्हणतात, मात्र मराठीतून उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याला परिभाषेसाठी बरीच धडपड करावी लागते, कारण मराठी पाठ्यपुस्तके निर्यातीच्या कार्यपद्धतीवर पाने खर्च करतात आणि बाजारपेठ संशोधनाचे प्रकरण उरकून टाकतात.

या शहरात विषय शिकवताना सर्वांत समृद्ध उदाहरण संत्र्याचे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन म्हणजे ब्रँड नव्हे, ही गोष्ट वर्गात मुद्दाम सांगावी लागते. मानांकन नावाला कायद्याचे संरक्षण देते. ढाक्यातल्या किंवा दुबईतल्या गिऱ्हाइकाच्या मनात ते नाव रुजवण्याचे काम स्वतंत्रपणे करावे लागते. आंबट-गोड चव आणि सहज सुटणारी सैल साल हे या फळाचे गुण घरच्या बाजारात वाखाणले जातात, परंतु हीच सैल साल लांबच्या प्रवासात फळाला नाजूक बनवते आणि बियांमुळे ते युरोपच्या दुकानांतील बीरहित क्लेमेंटाइन या छोट्या संत्र्यापुढे मागे पडते. ‘उत्पादनाचे अनुकूलन’ या प्रकरणात साबण किंवा बिस्किटांची उदाहरणे असतात, कारण त्यांचा साचा सहा महिन्यांत बदलता येतो. संत्र्याच्या कलमाला फळ धरायलाच चार-पाच वर्षे लागतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बीरहित निवड विकसित केली असली, तरी बागाईतदाराने जुनी झाडे काढून नवी लावावीत की नाही, हा निर्णय विपणनाचा असूनही त्याचे उत्तर दशकभराने कळते. शिवाय आंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामांमुळे, माल वर्षभर सलग मिळत नाही, आणि परदेशी साखळी दुकानांना सलग पुरवठाच हवा असतो.

परिणामी हे फळ उप्साला प्रतिमान सांगते तसे शेजारी, विशेषतः बांगलादेशात, रस्त्याने जाऊ लागले. पुढे त्या देशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने इतके वाढवले, की तिकडची मागणी मंदावली आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यांतील भावावर त्याचा ताण आला. एकाच बाजारपेठेवर विसंबण्याची जोखीम पुस्तकात एका ओळीत संपते. येथे मात्र ती नागपूरच्या कळमना कृषी बाजाराच्या लिलावात दिसते. राजकीय वातावरणाची जोखीम स्वतःच्या देशातूनही येते. केंद्र सरकारने २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले, आणि पांढऱ्या तांदळावरील बंदी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये उठली. भंडारा-गोंदियाच्या धान पट्ट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला हा भाग वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

नागपूरला समुद्र नाही, आणि या वस्तुस्थितीमुळे विक्रीच्या अटींचे प्रकरण येथे विशेष महत्त्वाचे ठरते. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या इन्कोटर्म्स या संज्ञा खर्च आणि जोखीम विक्रेता व खरेदीदार यांच्यात कशी वाटायची हे ठरवतात; त्यांच्या २०२० च्या आवृत्तीत ११ अटी आहेत आणि त्यांतील चार केवळ जलवाहतुकीसाठी आहेत. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही त्यांपैकीच एक असून तिच्यात माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्यावर राहते. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराने ही अट मान्य केली, तर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंतचा ८०० किलोमीटरहून अधिक प्रवास आणि बंदरातील मुक्काम त्याच्या डोक्यावर बसतो. एफसीए (फ्री कॅरियर) या अटीत मात्र नागपूर विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक व औद्योगिक प्रकल्पाच्या परिसरातील डेपोत कंटेनर वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की जोखीम खरेदीदाराकडे जाते. असे असूनही अनेक व्यापारी एफओबीला चिकटून राहतात. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळताच पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, पैसे देणारी बँक बहुधा माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) मागते, हे त्यामागचे एक कारण आहे. २०२० च्या आवृत्तीने एफसीएमध्ये असे बिल मिळवण्याची सोय केली आहे. ती सर्व शिकवण्यांत पोहोचलेली नाही.

कागदपत्रांचा उर्वरित भाग पाठांतराचा आहे आणि तो लवकर जमतो. आयात-निर्यात संकेतांक आता पॅन क्रमांकावरच आधारलेला असून ५०० रुपये शुल्क भरून ऑनलाइन मिळतो. विदेश व्यापार महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात असल्याने विद्यार्थ्यांची भेट आयोजित करणे कठीण नसते. मालाचे वर्गीकरण करणारा, जगभर समान असलेला सहा आकडी एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) संकेतांक भारतात आठ आकड्यांपर्यंत वाढवला जातो, आणि लिंबूवर्गीय फळे ०८०५ या शीर्षकाखाली येतात. मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या सेवांची निर्यात करतात. परंतु सेवांचे आंतरराष्ट्रीय विपणन पदवीच्या वर्गात फारच थोडे शिकवले जाते.

शेवटच्या वर्षीच्या प्रकल्प अहवालांत परदेशी बर्गर किंवा शीतपेय कंपन्या भारतात कशा रुजल्या, याच विषयाला अधिक पसंती मिळते. त्याची माहिती घरबसल्या मिळते, हे त्याचे उघड कारण आहे. भिवापुरी मिरचीसाठी आखाती देशांत कोणत्या प्रतीची, कोणत्या वेष्टनाची मागणी आहे, यासारखा प्रश्न हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला आडत्याशी बोलावे लागते, कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा शोधाव्या लागतात आणि दहा पत्रांपैकी नऊंना उत्तर येत नाही. विषयाची खरी ओळख अशाच प्रकल्पातून होते.

पदवीनंतर मालवाहतूक संस्था, निर्यातगृहे आणि बँकांच्या परकीय चलन विभागांत प्रारंभिक कामे मिळतात. सीमाशुल्क दलालाचा परवाना हवा असल्यास पदवीनंतर २०१८ च्या नियमांखालील परीक्षा द्यावी लागते. उच्च शिक्षणासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली भारतीय विदेश व्यापार संस्था ही जुनी वाट आहे. नागपुरातच २०१५ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था असली, तरी तेथील प्रवेशासाठी कॅट परीक्षेची वेगळी तयारी करावी लागते.