रेस उतरत का नाही? थंड पेट्रोल इंजिनातल्या लांबलेल्या आयडलचा माग

जुनी पेट्रोल गाडी सकाळी सुरू केली की पहिली काही मिनिटं इंजिन जोरात फिरतं. एरवी आयडलला, म्हणजे एक्सलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, ७०० ते ९०० आरपीएमवर (मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर) स्थिर राहणारा काटा १२०० ते १८०० च्या दरम्यान जातो, काही कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाड्यांत तर २००० पर्यंत. यात बिघाड काहीच नाही. इंजिन तापत गेलं की ही वाढीव रेस आपोआप उतरते. तक्रार सुरू होते ती इंजिन चांगलं तापायला हवं इतका वेळ गेल्यावरही काटा वरच राहिला की. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी आयडलच्या स्क्रूकडे जातो आणि माझं ठाम मत आहे की तो तिथेच आवरायला हवा. स्क्रू फिरवून रेस खाली आणली, तर कारण दूर न होता फक्त झाकलं जातं. मग कधीतरी रेस खरोखर उतरते आणि त्या दिवशी गरम इंजिन सिग्नलला उभं असताना बंद पडतं.

थंड इंजिनाला मुळात जास्त रेस का लागते, हे कळलं की ती उतरत का नाही याचा शोध खूप सोपा होतो. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. शिवाय पेट्रोल म्हणजे एकच एक रसायन नव्हे, ते अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक गारठ्यातही उडून जातात, जड घटक मात्र पुरेशी उष्णता मिळेपर्यंत थेंबांच्या रूपातच राहतात. पूर्ण ज्वलनासाठी वजनाच्या हिशेबानं १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. रात्रभर निवलेल्या इंजिनात हेच प्रमाण पाळून पेट्रोल सोडलं, तर त्यातलं बरंचसं इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आणि सिलिंडरच्या थंड भिंतींवर थर होऊन बसतं. ठिणगी पडते त्या क्षणी वाफ इतकी विरळ असते की ती पेटच घेत नाही. म्हणून थंड इंजिनाला गरजेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं.

दुसरी अडचण तेलाची. थंड इंजिन ऑइल दाट असतं, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, ऑइल पंप सगळंच जड फिरतं. नुसतं स्वतःला फिरवत ठेवण्यातच इंजिनाची जास्त ताकद खर्ची पडते आणि ती ताकद मिळवायला जास्त मिश्रण जाळावं लागतं, म्हणजेच हवाही जास्त घ्यावी लागते. थोडक्यात, थंड इंजिनाला दोन सवलती असतात, जादा पेट्रोल आणि जादा हवा. इंजिन तापेल तशा या दोन्ही सवलती काढून घेतल्या जातात. जुन्या इंजिनांत हे काम मिनिटं मोजून होत नाही. तिथे निर्णय उष्णतेचा असतो.

म्हणून रेस उतरत नसेल तर स्वतःला विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. इंजिन खरोखर तापतंय का? तापत असेल तर ती बातमी योग्य भागापर्यंत पोहोचतेय का? बातमी पोहोचूनही हुकूम पाळणारा भाग अडकून बसलाय का? की या सगळ्याशी संबंध नसलेली हवा कुठूनतरी चोरवाटेनं आत येतेय?

पहिला धागा सायलेन्सरच्या तोंडाशीच मिळतो. रेस चढलेली आहे, धुरात काळपटपणा आहे, कच्च्या पेट्रोलचा वास येतोय आणि स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्यावर कोरडी काजळी बसलीय, असं असेल तर जादा पेट्रोलची सवलत अजून चालू आहे. संशय चोकवर, म्हणजे थंडीत हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या झडपेवर, किंवा तापमानाच्या सेन्सरवर घ्यायचा. धूर स्वच्छ आहे, प्लगही ठीक आहे आणि तरी इंजिन जोरात फिरतंय, तर फक्त हवा जास्त जातेय. मग थ्रॉटल (एक्सलरेटरनं उघडणारी हवेची झडप), हवेचे व्हॉल्व्ह आणि गळती यांच्याकडे वळायचं. यातला पहिला प्रकार जास्त नुकसान करतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं, पिस्टन रिंगांवरून खाली झिरपतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर हे प्रकरण पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

तपासणी उघड्यावरच करायची, ही सूचना मी दोनदा द्यायलाही तयार आहे. जादा पेट्रोलवर चालणारं थंड इंजिन भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतं. या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून रेस उतरायची वाट पाहत बसणं जिवावर बेतू शकतं. नुसतं शटर थोडं वर करून भागत नाही.

आता पहिला प्रश्न, इंजिन तापतंय का. याचं उत्तर बहुधा थर्मोस्टॅटकडे असतं. या छोट्याशा व्हॉल्व्हच्या पोटात मेण भरलेलं असतं. तापून वितळताना मेण फुगतं आणि दांडा ढकलून रेडिएटरचा रस्ता उघडतं, साधारणपणे ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. १९३४ साली सर्जियस व्हर्नेट यांनी शोधलेली ही युक्ती आजही गाड्यांमध्ये काम करतेय. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन कोमटाच्या पुढे जात नाही. थंडीची सवलत मग चालूच राहते आणि त्यात कुणाचा दोष नाही, कारण इंजिन खरोखरच थंड असतं. परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावायचा, पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून दूर राहून. निरोगी थर्मोस्टॅट असेल तर ती नळी काही मिनिटं थंडच राहते आणि मग थोड्याच वेळात चटका बसावा इतकी तापते. सुरुवातीपासूनच ती हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट बदलायचा. बिघडलेला थर्मोस्टॅट काढून टाकून त्याच्याशिवायच गाडी चालवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. इंजिन जास्त तापू नये म्हणून केलेला तो उपाय नेमका हाच आजार मागे लावतो.

कूलंटची पातळीही याच वेळी बघून घ्यावी, इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. पातळी खाली गेली किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला, तर सेन्सरभोवती किंवा मेणाच्या व्हॉल्व्हभोवती गरम पाणी पोहोचतच नाही. इंजिन तापलेलं आणि सेन्सर मात्र हवेत लटकलेला, अशी विचित्र स्थिती होते.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात बातमी पोहोचवणारा भाग म्हणजे दुहेरी धातूची गुंडाळलेली पट्टी. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना चिकटवले की तापल्यावर ती पट्टी वाकते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी जहाजावरच्या घड्याळासाठी ही कल्पना वापरली होती, तापमान बदललं तरी वेळ चुकू नये म्हणून. ऑटोमॅटिक चोकमध्ये हीच पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली असते. थंडीत ती चोकची झडप बंद ठेवते, तापली की सैल पडून झडप उघडू देते. झडपेला जोडलेला एक पायऱ्यांचा कॅम थ्रॉटलला थोडं उघडं धरून ठेवतो. वाढीव रेस येते ती या कॅममुळे.

या कॅमची एक खोड माहीत नसल्यामुळे कितीतरी निर्दोष कार्ब्युरेटर उगाच उघडले जातात. चोकची झडप पूर्ण उघडली, तरी थ्रॉटलचा स्क्रू कॅमच्या पायरीवर दाबून बसलेला असतो आणि त्या दाबामुळे कॅम जागचा हलत नाही. एक्सलरेटरला हलकासा स्पर्श झाला की स्क्रू उचलला जातो, कॅम खाली पडतो आणि रेस उतरते. म्हणजे गाडी सुरू करून नुसती उभी ठेवली, तर रेस कितीही वेळ वर राहू शकते. काहीही उघडण्याआधी इंजिन तापल्यावर एकदा एक्सलरेटर दाबून सोडावा आणि काटा बघावा.

तरीही रेस उतरली नाही तर एअर क्लीनरचं झाकण काढून झडपेकडे बघायचं. सुरू करण्याआधी थंड इंजिनात ती मिटलेली दिसायला हवी, इंजिन सुरू होताच थोडी उघडली पाहिजे आणि तापल्यावर सरळ उभी राहायला हवी. अर्धवट तिरकी राहिली तर बोटानं हलकेच हलवून बघा. कचकच वाटली, तर अक्षावर चिकटा धरलेला आहे आणि कार्ब्युरेटर क्लीनरनं साफ केल्यावर बहुतेकदा काम होतं. झडप मोकळी असूनही उघडत नसेल तर पट्टीला उष्णता मिळत नाहीये. विजेवर तापणाऱ्या चोकमध्ये एक तार निसटलेली किंवा गंजलेली निघते. ज्या चोकला कूलंटची नळी किंवा सायलेन्सरकडची गरम हवा आणणारी नळी असते, त्यात ती नळी तुंबलेली सापडते. हाताच्या चोकच्या गाडीत तर गंजलेली केबल पूर्ण परत जात नाही एवढंच कारण पुरतं. डॅशबोर्डवरचं बटण आत गेलेलं दिसतं, पण बॉनेटखाली चोक अर्धा ओढलेलाच असतो.

इंजेक्शनच्या (पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या यंत्रणेच्या) सुरुवातीच्या गाड्यांत हवेची सवलत एका वेगळ्या व्हॉल्व्हमधून दिली जाते. थ्रॉटलला वळसा घालून जाणारी ही हवेची वाट थंडीत उघडी असते आणि तापल्यावर हळूहळू मिटते. ती मिटली की नाही हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. इंजिन चांगलं तापू द्यायचं, त्या व्हॉल्व्हकडे जाणारी रबरी नळी शोधायची आणि पकडीला फडकं गुंडाळून ती दाबायची. रेस ठळकपणे पडली तर व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय. काहीच फरक पडला नाही, तर तो त्याचं काम करून मोकळा झालाय. हीच नळी थंड इंजिनावर दाबली तर रेस पडायलाच हवी. ही चाचणी मला फार आवडते, कारण दहा सेकंदांत ती एका मोठ्या संशयिताला आत टाकते किंवा निर्दोष सोडते. त्याच्या पुढच्या पिढीत व्हॉल्व्हला मोटर आली आणि तिला हुकूम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, देऊ लागलं. तिथे काजळी साचून व्हॉल्व्ह अडकणं हे नेहमीचं दुखणं आहे.

ईसीयूला तापमान कळतं ते थर्मिस्टरकडून, म्हणजे तापमानानुसार विद्युत रोध बदलणाऱ्या सेन्सरकडून. सिल्व्हर सल्फाइड तापवलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये नोंदवलं होतं. धातूंचा रोध तापल्यावर वाढतो, इथे नेमकं उलटं घडतं. कूलंटच्या सेन्सरचंही तसंच. जुन्या गाड्यांत सर्रास बसवल्या गेलेल्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ६० अंशांना सुमारे ६०० आणि ८० अंशांना ३२० ओहमच्या आसपास असतो. आता समजा, कनेक्टरच्या पिना गंजल्यामुळे वाटेत ३०० ओहम जादा आले. थंड इंजिनात २५०० चे २८०० झाले, तर ईसीयूच्या अंदाजात दोन-तीन अंशांचीच चूक होते. गाडी अगदी छान सुरू होते, कुणाला शंका येत नाही. इंजिन तापून ८० अंशांवर पोहोचलं की ३२० चे ६२० होतात आणि ईसीयूला वाटतं, अजून ६० च अंश झालेत. मग जादा पेट्रोल चालू, जादा हवा चालू. सुरुवात उत्तम, पण रेस उतरायला नको तितका वेळ, हे लक्षण इतकं नेमकं का असतं, त्याचं हे कारण.

म्हणूनच नवा सेन्सर घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. इग्निशन बंद करून, आधी सेन्सरच्या पिनांवर रोध मोजायचा आणि मग सेन्सर परत जोडून ईसीयूच्या सुट्या केलेल्या प्लगमध्ये त्याच तारांवर. दोन आकड्यांत जो फरक येईल तो तारांचा आणि जोडांचा. आणखी एक गफलत टाळायला हवी. कित्येक गाड्यांत तापमानाच्या काट्यासाठी एक सेन्सर आणि ईसीयूसाठी दुसरा असतो. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर दिसतो म्हणून ईसीयूलाही बरोबर कळतंय असं धरून चालता येत नाही.

राहिली चोरवाटेची हवा. तडकलेली व्हॅक्यूमची नळी, कडक झालेलं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा फुटका पाइप यांतून न मोजलेली हवा आत जाते. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या इंजिनात त्यामुळे रेस चढते, कारण वाढलेल्या दाबाला साजेसं पेट्रोलही दिलं जातं. कार्ब्युरेटरच्या इंजिनात मात्र मिश्रण विरळ होऊन आयडल बहुधा अडखळतं. गॅस्केटची गळती कधीकधी फक्त थंडीतच असते. धातू तापून फुगला की फट बुजते, त्यामुळे गरम गाडी मिस्त्रीकडे नेली तर त्याला काहीच सापडत नाही. अशी गाडी त्याच्याकडे रात्रभर ठेवावी. क्लीनरचे फवारे मारून गळती शोधणारे बरेच आहेत, पण गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेऊ शकतात. थंड इंजिनावर साबणाच्या पाण्याचे थेंब संशयित जोडावर टाकले आणि ते आत ओढले गेले किंवा रेस क्षणभर बदलली, तरी पुरतं.

एक्सलरेटरची केबल विसरू नका. ती जास्त ताणलेली असेल किंवा थ्रॉटलच्या झडपेभोवती काजळी असेल तर झडप पूर्ण मिटत नाही. इंजेक्शनच्या गाडीत मग ईसीयूला पाय अजून पेडलवरच आहे असं वाटतं आणि आयडल सांभाळायचं काम ते हाती घेतच नाही.

मूळ कारण दूर झालं की मगच आयडलच्या स्क्रूला हात लावायचा. आधी कुणी ना कुणी तो फिरवलेलाच असतो, त्यामुळे दुरुस्तीनंतर गरम इंजिन एकदम मंद पडू शकतं. पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापू द्यायचं, दिवे आणि एसी बंद ठेवायचे आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर रेस लावायची. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर निवलेल्या इंजिनावर.