थँक्सगिव्हिंगचं जेवण दुपारी तीनला: टर्कीच्या वजनाचं गणित

थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेतली असंख्य कुटुंबं वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण दुपारी दोन ते संध्याकाळी पाचच्या मध्ये कधीतरी जेवतात. एरवी हीच मंडळी दुपार सँडविचवर भागवून संध्याकाळी सहा-सातला नीट जेवतात. मग याच दिवशी ही आडवेळ का? जुन्या शेतकरी घरांत मुख्य जेवण दुपारीच असायचं, हा एक धागा आहे. न्यूयॉर्कमध्ये त्या सुमाराला साडेचारलाच सूर्य मावळतो आणि पाहुण्यांना गाडी चालवत परत जायचं असतं. शिवाय टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल असतो: डेट्रॉइटच्या संघाच्या सामन्याची परंपरा १९३४ ची, डॅलसच्या संघाची १९६६ ची. पूर्वेकडच्या घड्याळानुसार पहिला सामना साडेबारा-एकला आणि दुसरा साडेचारला सुरू होतो, म्हणजे ताटं मांडायला मधली फट बरोबर सापडते. कॅलिफोर्नियात मात्र पहिला सामना सकाळी साडेनऊ-दहालाच लागतो, तरीही तिथली कुटुंबं दुपारीच जेवतात. तेव्हा फुटबॉलला फार श्रेय देऊ नये. जेवणाची खरी वेळ ठरते ती टर्कीवर, म्हणजे या सणाला अख्ख्या भाजायच्या सहा-सात किलोच्या पक्ष्यावर, आणि घरातल्या एकुलत्या एका ओव्हनवर.

टर्कीला किती वेळ लागेल, हे ‘पौंडाला इतकी मिनिटं’ या हिशेबाने काढायची पद्धत जुनी आहे आणि ती फसवी आहे. उष्णता बाहेरून आत झिरपत जाते. तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि आकार तोच ठेवून वजन वाढवलं तर जाडी वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही एकत्र केलं की वेळ वजनाच्या दोन-तृतीयांश घातावर जातो. वजन दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होतो. स्टॅनफर्डच्या कणत्वरक प्रयोगशाळेचे पहिले संचालक, भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगँग पॅनॉफ्स्की यांनी याचं सुटसुटीत सूत्र करून ठेवलं: पौंडातल्या वजनाचा दोन-तृतीयांश घात काढा आणि त्याला १.५ ने भागा, उत्तर तासांत मिळतं. ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १६३ सेल्सिअसवर हवा. १० पौंडांच्या टर्कीला ३.१ तास येतात, २० पौंडांच्या टर्कीला ४.९. सरळ दुप्पट करणारा माणूस मोठी टर्की सव्वा तास जास्त भाजतो, आणि छातीचं मांस भुशासारखं कोरडं झालं की खापर रेसिपीवर फोडतो.

आता उलटं मोजू. १५ पौंडांची, म्हणजे ६.८ किलोची टर्की आहे, पोटात सारण भरलेलं नाही आणि ताटं तीनला वाढायची आहेत. कापायला आणि मांडायला २५ मिनिटं लागतात, म्हणजे सुरी २:३५ ला लागली पाहिजे. त्याआधी पक्षी ४० मिनिटं तसाच राहू द्यायचा, म्हणून तो १:५५ ला बाहेर यायला हवा. सूत्रानुसार भाजायला चार तास लागतात, म्हणजे तो ९:५५ ला आत गेला पाहिजे. त्यावर अर्ध्या तासाची सूट ठेवायची, कारण ओव्हनची तबकडी दाखवते ते तापमान आत असेलच याची खात्री नसते आणि दार उघडलं की गरम हवा निघून जाते. म्हणजे टर्की ९:२५ ला आत, आणि ओव्हन नऊला चालू. टर्की आधी शिजली तर काही बिघडत नाही. एवढा मोठा पक्षी वरून फॉइल सैल पांघरून ठेवला तर तासभर चांगला गरम राहतो. उशीर झाला तर मात्र पंधरा माणसं भुकेली बसतात. म्हणून सूट नेहमी आधीच्या बाजूला ठेवावी.

ती ४० मिनिटं फुकट जात नाहीत. बाहेर काढल्यावरही वरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी काही अंशांनी चढतं. गरम-गरम कापलं तर रस पाटावर वाहून जातो, थोडा वेळ दिला तर तो मांसात टिकतो. आणि रिकामा झालेला ओव्हन तेवढ्यात ३७५ फॅरनहाइटवर नेऊन रताळ्याचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भांड्यातच भाजलेला पदार्थ), बाहेर वेगळं भाजायचं स्टफिंग म्हणजे सारण आणि पाव उरकता येतात. यजमानांची सगळ्यात मोठी चूक हीच असते, की हे पदार्थ टर्कीबरोबरच कोंबायचे. ओव्हन गच्च भरला की गरम हवा फिरत नाही आणि सगळंच रेंगाळतं.

शिजली की नाही, हे घड्याळाला विचारायचं नाही, थर्मामीटरला विचारायचं. छातीचा सगळ्यात जाड भाग, मांडीचा आतला भाग आणि पंखाचा आतला भाग, तिन्हीकडे १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) हवं. टोक हाडाला टेकू देऊ नये, आकडा चुकतो. खरी गोची अशी, की मांडीतलं कोलॅजन, म्हणजे मांसातलं चिवट प्रथिन, विरघळून ती मऊ व्हायला ७४ च्या थोडं वरच बरं असतं, तर छाती तिथे पोचेपर्यंत कोरडी पडायला लागलेली असते. पोटात सारण भरलं तर त्याच्याही मध्यभागी १६५ यावं लागतं, आणि त्यासाठी अर्धा तास तरी वाढतो. सारण बाहेरच भाजावं.

दुपारी तीनचं जेवण सहाला जातं ते बहुतेक वेळा बर्फामुळे. गोठलेली टर्की वितळायला फ्रीजमध्ये दर चार-पाच पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे १५ पौंडांची टर्की रविवारीच फ्रीझरमधून खाली उतरवावी लागते. बुधवारी आठवण झाली तर थंड पाण्याचा उपाय: पिशवी घट्ट बंद करून बुडवायची, पाणी दर अर्ध्या तासाने बदलायचं, पौंडाला अर्धा तास. १५ पौंडांना साडेसात तास जातात, आणि मग लगेच भाजावी लागते. बाहेरून मऊ लागली तरी पोकळीत हात घालून बघावं. काळीज-मानेची पिशवी तिथेच गोठलेली सापडते. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ३३४ ज्यूल लागतात, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणूनच पूर्ण गोठलेली टर्की भाजायला किमान दीडपट वेळ घेते.

न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरी पाहुणे आपल्या सवयीने रात्री आठला जेवणार असतील, तर हीच टर्की दुपारी अडीचच्या आत ओव्हनमध्ये जायला हवी. घोटाळा झालाच तर तो निस्तरायला मात्र हाताशी दिवस उरत नाही. शाकाहारी घरांना यातलं एकही बंधन नाही, त्यांनी खुशाल हवं तेव्हा जेवावं.

शरीराच्या दृष्टीने दुपारच फायद्याची. तूप-लोण्याचं जड जेवण जठरातून खाली सरकायला कित्येक तास घेतं. तीनला जेवलेला माणूस दहाला आडवा झाला तर छातीत जळजळ होण्याची शक्यता कमी असते. तेच कर्बोदक संध्याकाळी उशिरा खाल्लं तर रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढते. जेवणानंतर सोफ्यावर येणाऱ्या झोपेचा आळ टर्कीतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर घेतला जातो, तो उगाच. चिकनमध्येही ते जवळपास तेवढंच असतं. भरगच्च ताट, वाइन आणि दुपारी एरवीही येणारी पेंग एवढं कारण पुरेसं आहे.

दुपारच्या जेवणात एक धोका मात्र आहे. तीनला मांडलेलं टेबल रात्री आठपर्यंत तसंच राहतं आणि येता-जाता लोक तुकडा मोडत राहतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मांस कोमट झालं की ते फुटतात आणि झपाट्याने वाढतात. त्यातून सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. अमेरिकेत याचे उद्रेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जास्त होतात. म्हणून ४ ते ६० सेल्सिअसच्या पट्ट्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. पाचच्या आत मांस हाडावरून सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, अख्खा सांगाडा आत कोंबला तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. ग्रेव्हीही छोट्या भांड्यांत वाटून ठेवावी आणि परत वाढताना उकळी आणावी. फ्रीजमधलं सोमवारपर्यंत संपवायचं, त्याहून जास्त उरणार असेल तर आधीच फ्रीझरमध्ये टाकायचं.