मानकुराद, खोबरेल आणि मुरुमांचा दोष

मे महिन्यात फोंड्याच्या आमच्या घरात कुणाच्या कपाळावर मुरूम दिसला की आजीचं निदान तयार असायचं: "आंबे कितीसे खाल्लेस?" मानकुराद आंबे संपले की पाळी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, मग 'उष्णता पडली'. लग्न झालं की जातील, असंही कुणीतरी हळूच म्हणायचं.

दोष कुणाचा, ही चौकशी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' आहे: तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या, कारण कफ, वात आणि रक्त. सावरीचं खोड जवळून पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटते, बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. वेखंड-लोध्राचे लेपही सांगितले आहेत. वय मात्र अचूक हेरलं होतं.

त्याच वयात का, याचं उत्तर 1941 साली मिळालं. वृषणं काम न करणाऱ्या पुरुषांना सहसा मुरूम येत नाहीत, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिलं की येतात, हे अमेरिकेत संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं. अशी संप्रेरकं मुलींच्या अंगातही असतात. त्यांच्यामुळे तेलग्रंथी फुगतात, केसाच्या मुळाशी मृत पेशी साचून छिद्राचं तोंड बुजतं, आत नेहमीचाच जीवाणू फोफावतो आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे साबणाने कितीही घासलं तरी तो जात नाही. चेहरा सोलवटतो तेवढा.

आहाराचं प्रकरण जास्त गमतीचं. 1969 साली 65 जणांना चॉकलेट देऊन पाहिलं, फरक दिसला नाही, आणि 'खाण्याचा संबंध नाही' हे पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. पण तुलनेला दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! 2007 मध्ये मेलबर्नच्या प्रयोगात रक्तातली साखर झटकन न चढवणाऱ्या आहाराने मुरूम कमी झाले. म्हणजे सुंगटं बहुधा सुटली, पण पांढऱ्या तांदळाची पेज आणि गोडधोड अजून संशयितांत आहेत.

आजीच्या नजरेतून निसटलं ते तिच्याच हातातलं खोबरेल. 1970 साली केसांच्या तेला-मलमांनी कपाळावर उठणाऱ्या मुरुमांचं वर्णन प्रसिद्ध झालं. रविवारी तेल थापून वेणी घट्ट ओढली की मे महिन्याच्या घामासोबत ते केसांच्या रेषेवरून खाली उतरायचं. पुळ्याही नेमक्या तिथेच, बारीक आणि एका ओळीत.

उपचारांचा इतिहास तितकासा सोज्वळ नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेहऱ्यावर क्ष-किरण सोडत. ट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या औषधावर काम करणाऱ्या अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले. 1982 साली अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइनला मान्यता मिळाली. हट्टी मुरुमांवर ते फार प्रभावी, पण गर्भाला घातक, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. आपल्याकडे गोरेपणाच्या नावाखाली स्टिरॉइडची मलमं सर्रास लावली गेली. 2018 साली केंद्राने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. या मलमांनी मुरूम आधी दबतो, मग दुप्पट उसळतो.

साध्या मुरुमांना आज बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापालीन हे लावायचं औषध पुरतं, पण सहा-आठ आठवडे धीर हवा. आणि उशीला जुना पांढरा अभ्रा घालावा: पेरॉक्साइड रंग खातं. आमच्या घरच्या निळ्या टॉवेलवर अजून त्याचा फिकट डाग आहे.